आरएक्स १००च्या टाकीवरचा जुना रंग कसा काढायचा, आणि कडेत काय अडकतं

प्रश्न थोडक्यात असा: १९९३ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल. टाकी मूळची काळी, वर कधीतरी गल्लीतल्या पेंटरने मारलेला लाल, डाव्या अंगाला लालच्या खाली भरपूर लांबी, म्हणजे पुट्टी. झाकणाभोवती रंग फुगलाय, खालच्या कडेला गंजाचे फोड आलेत. एक जण म्हणतो सॅण्डब्लास्ट कर, दुसरा म्हणतो अॅसिडमध्ये बुडव, तिसरा म्हणतो रिमूव्हर, म्हणजे रंग सुटा करणारं रसायन, लाव. काम घरच्या गच्चीवर करायचंय, कॉम्प्रेसर नाही. पत्रा मोकळा करून टाकी पेंटरकडे द्यायची आहे.

उत्तर: सपाट भागाला रिमूव्हर, लांबीला ८० नंबरचा पेपर, आणि खालच्या कडेला फक्त हात आणि तारेचा ब्रश. अॅसिड बाहेरून अजिबात नको, ब्लास्टिंगही नको.

कारण सगळं त्या कडेत आहे. टाकीचे पत्रे खाली जिथे जुळतात तिथे ते बाहेर काढून एकमेकांवर दाबून वेल्ड केलेले असतात. वेल्डची रेघ आत असते, तिच्या बाहेर दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहते. बाहेरून लावलेलं कोणतंही पातळ द्रव्य त्या फटीत ओढलं जातं, जसं दिव्यात तेल वातीवर चढतं. रंग कशानेही निघतो. त्या फटीत गेलेलं परत बाहेर काढता येईल का, यावर साधन निवडायचं. रिमूव्हर उन्हात उडून जातो किंवा थिनरने धुऊन निघतो. कॉस्टिक सोडा आणि अॅसिड उडत नाहीत, पाणी गेलं तरी त्यांचा क्षार तिथेच बसतो, हवेतला ओलावा ओढतो, आणि दोन-तीन महिन्यांनी नव्या रंगाला कडेने फोड येतात. मग दोष पेंटरला लागतो.

आधी एक विचार करा: सगळा रंग काढायलाच हवा का? कंपनीचा मूळ काळा रंग भट्टीत भाजलेला असतो आणि जिथे तो पत्र्याला घट्ट आहे तिथे त्याच्याइतका चांगला पाया पेंटर देऊ शकत नाही. नव्या ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा पत्र्यापर्यंत मारा, वर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर तो थर घट्ट आहे. पट्टीबरोबर दोन-चार जरी निघाले तरी त्या भागात पत्र्यापर्यंत जायचं. ही चाचणी चार-पाच ठिकाणी करा, आणि लाल थरावर नको, लाल घासून खालच्या काळ्यावर करा. बऱ्याच टाक्यांवर वरचा भाग आणि उजवी बाजू ठीक निघते, त्रास झाकणाभोवती, कडेला आणि लांबीखाली असतो. तुमच्या वर्णनावरून डावी बाजू, झाकणाचा घेर आणि कड पूर्ण उघडावी लागेल. उजवी बाजू चाचणीत पास झाली तर तिथे लाल उतरवून काळ्यावर थांबा. त्याने दोन दिवस वाचतात आणि पत्राही कमी उघडा पडतो.

लांबी किती आणि कुठे, हे बघायला फ्रिजवरचा चपटा लोहचुंबक घ्या, ओरखडे पडू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि टाकीवरून हळू सरकवा. जिथे पकड सैल होते तिथे लांबी जाड आहे. जिथे चुंबक गळूनच पडतो तिथे पोचा न काढता नुसता भरलेला आहे. खडूने त्या भागाभोवती गोल काढून फोटो घ्या. स्टिकर मूळचे असतील तर हीच वेळ त्यांची जागा टिपायची: बटर पेपर लावून पेन्सिलने कडा उतरवा, आणि झाकणाच्या मध्यापासून व खालच्या कडेपासून अंतरं लिहून ठेवा. नंतर दोन्ही बाजूंचे स्टिकर वेगवेगळ्या उंचीवर बसले की गाडी लांबूनही वाकडी दिसते.

आता पेट्रोल. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ती पेटते, आणि भरलेल्या टाकीत तेवढी हवाच नसते. पेट्रोल काढून टाकी दोन दिवस उघडी ठेवली तरी तळाच्या गंजात आणि चिकट साक्यात पेट्रोल मुरलेलं राहतं, ऊन लागलं की पुन्हा वाफ सुटते. म्हणून कॉक (पेट्रोलचा नळ), झाकण, रबर, बॅज सगळं काढा, आत दोन-तीन लिटर गरम पाणी आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालून जोरात हलवा, ओता, असं तीनदा करा. कॉक जस्ताच्या ओतकामाचा असतो, तो या सगळ्या रसायनांपासून लांब ठेवा. ग्राइंडर किंवा ड्रिल लावायची असेल तेव्हा टाकी पाण्याने गळ्यापर्यंत भरलेली हवी, म्हणजे वाफेला आत जागाच उरत नाही. त्या पाण्यात लिटरला दहा ग्रॅम धुण्याचा सोडा टाका, या टाकीला साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे आतून नवा गंज धरत नाही. हीट गन, ब्लो लॅम्प, गॅसची शेगडी यातलं काहीही टाकीच्या जवळ आणायचं नाही, धुतलेल्या टाकीलासुद्धा नाही.

आतून गंज असेल तर तो बाहेरचा रंग काढायच्या आधी काढा. आतल्या धुण्याचं पाणी, तेल, गंजाचा गाळ बाहेरून ओघळतोच, आणि तो जुन्या रंगावर ओघळला तर बिघडत नाही, उघड्या पत्र्यावर ओघळला तर डाग पडतो. आतल्या कामाला सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, पुरतं. लिटरला पन्नास ते शंभर ग्रॅम, म्हणजे या टाकीला अर्धा ते एक किलो, कोमट पाण्यात, बारा तास ठेवा. मग बॅटरीने आत बघून गरज असेल तर आणखी तितकाच वेळ. पत्रा राखाडी दिसला की थांबा, जास्त वेळ ठेवून पत्राच खाल्ला जातो. आतला सुटा गंज झाडायला ओंजळभर नटबोल्ट टाकून हलवतात. ते टाकण्याआधी मोजा आणि काढल्यावर मोजा. नंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग उलटी धरून केसांच्या ड्रायरच्या थंड हवेने किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडाने वाळवा, आणि लगेच पन्नास मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) आत फिरवा. आरएक्सवाल्याकडे ते असतंच. तोंडं बंद करा, बाहेरचं तेल साबणाने धुऊन टाका.

हायड्रोक्लोरिक अॅसिड, म्हणजे संडास साफ करायचं ते, गंज झटपट काढतं म्हणून सुचवलं जातं. गंज संपल्यावर ते पत्र्याला लागतं, आणि त्यातलं क्लोराइड कडेत राहिलं की एका रात्रीत पुन्हा पिवळा गंज दिसतो. क्रोमची टाकी असेल, जुन्या जावा-येझदीसारखी, तर हे अॅसिड क्रोमच उतरवतं. आत नको, बाहेर नको.

आता बाहेरचा रंग कोणता आहे ते ओळखा. थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं कापड लाल भागावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुसा. कापड लाल झालं, रंग चिकट झाला, तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, आहे. गल्लीतला जुना रंग बहुधा हाच निघतो आणि झाकणाभोवती फुगतो तोही यामुळेच, कारण पेट्रोल सांडलं की एनसी मऊ पडतो आणि पेट्रोल त्याच्याखाली शिरतं. याला रिमूव्हरची गरजच नाही. जुनं सुती कापड एनसी थिनरमध्ये भिजवून टाकीवर अंथरा, वर पॉलिथीन गुंडाळा, वीस मिनिटांनी लाल थर पत्तीने सायीसारखा निघतो. कापडाला काहीच लागलं नाही तर रंग टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारलेला पॉलियुरेथेन) किंवा भाजलेला आहे, तिथे थिनर वाया जाईल. तुमच्या टाकीवर बहुधा दोन्ही निघतील: वरचा लाल थिनरला सुटेल, खालचा काळा ढिम्म राहील. तो काळा जिथे काढायचा ठरलं आहे तिथेच रिमूव्हर.

रिमूव्हर घेताना डब्यावर बघा. मिथिलीन क्लोराइडवाला मिनिटांत काम करतो, बेंझिल अल्कोहोलवाला काही तास घेतो पण अंगाला बराच सौम्य आहे. वेळ असेल तर दुसरा घ्या. पहिलाच मिळाला तर नीट समजून घ्या: त्याचा उत्कलनबिंदू ४० अंश सेल्सियस आहे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरच्या गच्चीवर तो काम करण्याआधीच उडून जातो, आणि त्याच्या वाफेचा शरीरात कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे रिमूव्हर विकायला २०१९पासून बंदी आहे. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो म्हणून तो साधा समजू नका. साध्या फिल्टरचा मास्क त्याला अडवत नाही, कार्बनचं कार्ट्रिजही लवकर भरतं. उपाय एकच, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, सावलीत, सकाळी आठच्या आत. वाफ हवेपेक्षा जड असते, गच्चीच्या कोपऱ्यात साचते. बंद खोली, बाथरूम, तळघर, गॅरेजचं शटर अर्धं ओढून, हे काहीही नाही. हृदयाचा त्रास असलेल्याने तर हा डबा उघडूच नये. आणि बिडी, सिगारेट, देवासमोरचा दिवाही दूर: ही वाफ ज्वालेतून गेली की फॉस्जिन हा विषारी वायू होतो. पातळ निळे नायट्राइल हातमोजे एक-दोन मिनिटांत भेदले जातात आणि तुम्हाला कळतंही नाही, नंतर हात भाजल्यासारखा होतो. जाड मोजे घालून ब्रशने लांबून काम करा, मोज्याला रिमूव्हर लागला की लगेच काढून बदला, डोळ्यांना बंद गॉगल हवाच.

लागणारं सामान फार नाही: अर्धा लिटर ते एक लिटर रिमूव्हर, दोन इंची स्वस्त केसांचा ब्रश (नायलॉनचा टिकत नाही), लांबी ओढायची लोखंडी पत्ती कोपरे घासून गोल केलेली, पितळी तारेचा छोटा ब्रश, ८०, १२० आणि १८० नंबरचे पेपर, अॅल्युमिनियमची चिकटपट्टी, जाड पॉलिथीन, दोन लिटर थिनर आणि जुनी सुती कापडं. टाकी ठेवायला जुना टायर सगळ्यात बरा, उपडी, आडवी, कशीही ठेवा, घसरत नाही आणि पत्रा खालून दबत नाही.

टाकीची तोंडं बंद करताना साध्या मास्किंग टेपवर भरवसा ठेवू नका, रिमूव्हर तिचा गोंद खातो. कापडाचा बोळा पॉलिथीनच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात घट्ट बसवा, वर अॅल्युमिनियमची पट्टी. कॉकच्या जागी पत्र्याचा तुकडा रबराच्या गॅस्केटसकट त्याच बोल्टांनी कसा आणि वर पट्टी लावा. आणि खालच्या कडेवर दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी पूर्ण घेर फिरवा, नखाने दाबून बसवा. तेवढ्या भागात रिमूव्हर लावायचा नाही. तो पट्टा नंतर हाताने.

रिमूव्हर लावण्याआधी चकाकी ८० नंबरने तोडा, आडवे-उभे खोल ओरखडे मारा. भाजलेल्या रंगाच्या गुळगुळीत पाठीवर रिमूव्हर नुसता बसून राहतो, ओरखड्यांतून आत जातो. आता ब्रश पूर्ण भरून जाड थर, साधारण दोन मिलिमीटरचा, एकाच दिशेने अंथरा आणि परत हात फिरवू नका. डब्यातल्या रिमूव्हरमध्ये मेण असतं, ते वर येऊन साय धरतं आणि खालचं द्रव्य उडू देत नाही. रंगाऱ्याच्या सवयीने मागे-पुढे ब्रश मारला की ती साय फुटते आणि अर्धी ताकद हवेत जाते. एका वेळी टाकीची एकच बाजू घ्या. लगेच वर पॉलिथीन टाका आणि पंधरा ते वीस मिनिटं (बेंझिल अल्कोहोलवाला असेल तर काही तास) हात लावू नका.

मिथिलीन क्लोराइडवाल्याने पाचव्या-सहाव्या मिनिटाला पॉलिथीनखाली रंगाला सुरकुत्या पडतात, मग तो तव्यावरच्या पापडासारखा फुगून पत्र्यापासून सुटतो. ज्या जागा फुगत नाहीत, तिथे एकतर लांबी आहे किंवा थर पातळ लागलाय. कोपऱ्यात पत्ती घालून बघा. एका दाबात पत्रा दिसला तरच सगळं ओढा. थोडा काळा चिकटून राहिला तर खरवडत बसू नका, पत्तीने पत्र्यावर पडलेली रेघ प्रायमरमधून वर दिसते. पुन्हा थर द्या, पुन्हा झाका. तीन थरांच्या टाकीला दोन वेळा लागतं, क्वचित तीनदा.

निघालेला चिखल वर्तमानपत्रावर पसरून उघड्यावर पूर्ण वाळू द्या, मग पिशवीत बांधा. गटारात नको, आणि जाळायचा तर मुळीच नाही, कारण तेच फॉस्जिनचं.

यानंतरच्या दोन पुसण्यांत बरेच जण चुकतात. पत्रा स्वच्छ दिसतो, पण त्यावर रिमूव्हरमधल्या मेणाचा पातळ पडदा राहिलेला असतो. पाण्याने तो जात नाही. त्याच्यावर प्रायमर मारला की माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात किंवा सहा महिन्यांनी रंग पापुद्र्याने निघतो. आधी साबणाच्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, कोरडं करा, मग थिनरने भिजलेल्या कापडाने एक फूट भाग पुसा आणि ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने उचला. एकाच कापडाने पुसत राहिलात तर मेण फक्त इकडून तिकडे सरकतं. कापडाची बाजू प्रत्येक फुटाला बदला. हेच पूर्ण टाकीला दोनदा.

मग पट्टी काढा आणि तो दोन सेंटिमीटरचा कडेचा पट्टा पितळी ब्रश आणि ८०च्या पेपरची घडी करून घासा. कंटाळवाणं काम आहे, दीड-दोन तास जातात. फटीत जुना रंग घट्ट भरलेला असेल आणि गंज नसेल तर तो तिथे राहू द्या. तो बुचाचं काम करतोय. गंजाचे फोड आहेत तिथे मात्र सुईच्या टोकाने उकरून बघा, भुसा पडतो की टणक लागतं.

तरीही थोडा रिमूव्हर फटीत गेलाच असेल. टाकी कड खाली करून टायरवर ठेवा, सिरिंजने कडेवर थिनर सोडा, निथळू द्या, आणि आतलं काही उरलेलं नाही अशी टाकी दुपारच्या उन्हात दोन तास ठेवा. मोकळा पत्रा उन्हात पन्नास अंशाच्या वर तापतो, आणि मिथिलीन क्लोराइडवाला रिमूव्हर ४० अंशाला उकळतो, म्हणून तो बाहेर येतोच. बेंझिल अल्कोहोलवाला असा उडत नाही, तो थिनरनेच धुऊन काढायचा. कडेने ओली, तेलकट रेघ दिसली तर पुसून पुन्हा तेच करा. कोरडी राहिली की झालं. कॉस्टिकने हे होत नाही. तो लिटरला पन्नास-शंभर ग्रॅम गरम पाण्यात घेतला तर एनसी आणि साधे इनॅमल थर छान काढतो, स्वस्तही आहे, पण फटीत गेलेला तिथेच राहतो आणि प्रायमरचा खालून साबण करतो. सुट्या लोखंडी भागांना, साइड स्टँड, फूटरेस्टला वापरा. अॅल्युमिनियमला नाही, तो खाल्ला जातो आणि हायड्रोजन सुटतो. आणि घ्याल तेव्हा सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही.

लांबीचा भाग वेगळा. पॉलिएस्टर लांबी रिमूव्हर पिते, अर्धवट मऊ होते आणि आत ते द्रव्य धरून ठेवते. म्हणून रिमूव्हर लागलेली लांबी वरून टणक वाटली तरी ठेवायची नाही, पूर्ण काढायची. पण ती रिमूव्हरने काढत बसू नका. दोन दिवस वाळू द्या आणि मग ८० नंबरने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, काढा. कोरडी घासताना धूळ फार उडते. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून आली, तीही घरगुती व सजावटीच्या रंगांना, गाडीच्या रंगाला नाही. म्हणून वॉटर पेपर घ्या, पाणी सोडत घासा, मुलांना लांब ठेवा.

ग्राइंडर असेल तर त्यावर जाळीदार नायलॉनची काळी किंवा जांभळी स्ट्रिप डिस्क लावा, फ्लॅप डिस्क नाही. टाकीचा पत्रा मिलिमीटरच्या आसपासच असतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो, आणि फ्लॅप डिस्क कोपऱ्यावर क्षणभर थांबली की पत्रा तिथे कागद होतो. स्ट्रिप डिस्कसुद्धा दाबायची नाही, सतत फिरती ठेवायची. टाकीत पाणी भरलेलं असल्याने पत्रा तापत नाही हा अजून एक फायदा. तारेचा कप ब्रश सपाट भागाला नको: तो रंग काढण्याऐवजी तापवून चोपडतो, आणि त्याच्या तुटलेल्या तारा कपड्यातून आत घुसतात.

लांबीखाली काय निघेल याची तयारी ठेवा. पोचा, हातोड्याच्या खुणा, किंवा पितळी नाहीतर चंदेरी डाग, म्हणजे भोक बुजवायला वितळवून लावलेला धातू. चंदेरी असेल तर तो कथिल-शिशाचा डाग आहे आणि साधारण १८३ अंशाला वितळायला लागतो. म्हणूनच ‘टाकी पावडर कोट करून टाका’ हा सल्ला अशा टाकीला चालत नाही: पावडरची भट्टी १८० ते २०० अंशाची असते, डाग ओघळतो आणि टाकी गळते.

आणि सॅण्डब्लास्टिंग का नको? फ्रेमला, स्विंगआर्मला उत्तम. टाकीच्या रुंद, चपट्या अंगाला वाळूचा मारा बसला की पत्र्याची वरची पाठ ताणली जाते आणि तो भाग डब्याच्या झाकणासारखा टकटक करू लागतो, दाबला की आत, सोडला की बाहेर. ते नंतर कुठलाच डेंटर पूर्ण बसवत नाही. शिवाय वाळू आत जाते, गळ्याच्या घडीत बसते, आणि दोन वर्षं कार्बोरेटरच्या जेटमध्ये येत राहते. कमी दाबावर सोडा किंवा प्लास्टिकचे कण मारणारा कोणी ओळखीचा असेल तर गोष्ट वेगळी. साधी नदीची वाळू मारणाऱ्याकडे टाकी देऊ नका, तिच्या धुळीने त्या कामगाराला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो, हेही आहेच.

पत्रा मोकळा झाला की प्रायमरआधी गळती तपासा. जुन्या टाक्यांत कित्येकदा गंजाची सुईएवढी भोकं रंग आणि लांबीनेच बुजलेली असतात. हवेचा दाब देऊन बघू नका, पंक्चरवाल्याचा पाइप लावला तर टाकी फुग्यासारखी फुगते. खडूची पूड पाण्यात कालवून कडेला आणि तळाला बाहेरून पांढरा हात मारा, वाळू द्या. आत अर्धा लिटर रॉकेल घाला, हल्ली ते मिळणं अवघड, डिझेल चालतं. टाकी अशी कलती ठेवा की द्रव्य त्या कडेला साचेल, एक तास थांबा, मग दुसरी बाजू. भोक असेल तिथे पांढऱ्यावर मोहरीएवढा काळपट ठिपका उमटतो आणि बघता बघता पसरतो. पाण्याने हे इतकं स्पष्ट कळत नाही, पाणी बारीक भोकातून लवकर येत नाही. ठिपका आला तर खुणा करा, टाकी पुन्हा साबणाने तीनदा धुवा आणि टाकीचीच कामं करणाऱ्याकडे पितळी झाळ द्यायला न्या, धुतली आहे आणि आत डिझेल होतं हे तोंडाने सांगा. भोकावर लांबी किंवा एम-सील थापून वरून रंग मारणं म्हणजे पेट्रोल इंजिनवर ठिबकायची सोय आहे. गळत नसेल तर खडू धुऊन, वाळवून, थिनरच्या दोन कापडांनी पुन्हा पुसा.

आता घड्याळ चालू होतं. उघड्या पत्र्याला दापोली-मालवणला जुलैत दोन-तीन तासांत तांबूस झाक येते, पुण्यात हिवाळ्यात एक-दोन दिवस मिळतात. उघड्या हाताने धरू नका: घामातला क्षार बसतो आणि सकाळी टाकीवर पाच बोटांचे गंजके ठसे असतात, रेषा मोजता येतील इतके. पॉलिथीनमध्येही गुंडाळू नका, आत दव धरतं. कोरडं सुती कापड, वर वर्तमानपत्र.

सोपी युक्ती म्हणजे शेवटचं घासणं घरी करूच नका. ८० आणि १२० घरी मारा, १८० नंबरचा शेवटचा हात पेंटरच्या दुकानात, प्रायमर कालवायच्या अर्धा तास आधी. त्याने रात्रभरात आलेली झाकही जाते आणि प्रायमरला धरायला ताजे ओरखडेही मिळतात. ४००ने आरशासारखा गुळगुळीत करून नेऊ नका, प्रायमरला पकडच राहत नाही.

पेंटरला तीन गोष्टी आधीच विचारून ठेवा. पत्र्यावर पहिला थर टू-के इपॉक्सी प्रायमरच हवा. रेड ऑक्साइड स्वस्त असतो, पण वरून पीयूचा थिनर बसला की तो सुरकुततो, त्याला पेंटर लोक रंग उचलला म्हणतात. लांबी एकतर ८०ने खरवडलेल्या मोकळ्या पत्र्यावर किंवा इपॉक्सीवर, पण अॅसिडवाल्या वॉश प्रायमरवर नाही, तिथे ती कडक होत नाही आणि सुटते. आणि वरचा रंग एनसी असला तरी हरकत नाही, पण त्याच्यावर टू-के पीयू क्लिअरचे (पारदर्शक) दोन पूर्ण थर हवेत, झाकणाच्या गळ्यात वळून आतपर्यंत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते सांडलं की उघडा एनसी पहिल्यांदा मऊ पडतो, म्हणजे तुम्ही जिथून सुरुवात केली तिथेच परत.

रंग दुसरा द्यायचा असेल तर आरसी बुकात लिहिलेला रंग बघून घ्या, बदल आरटीओत नोंदवावा लागतो.

क्लिअर झाल्यावर कॉक आणि झाकण दुसऱ्या दिवशी बसवता येतं, पण पेट्रोल सात दिवस भरू नका. पीयू हाताला कडक लागला तरी आतून अजून कच्चा असतो. पहिल्यांदा भराल तेव्हा फक्त दोन लिटर भरा, टाकी गाडीवर न बसवता टायरवर रात्रभर ठेवा, खाली पांढरा कागद घाला, आणि सकाळी कॉकच्या खाली व कडेला बोट फिरवून बघा.